परत सोडला ना

मे महिन्याचा दुसरा आठवडा. मिशिगनच्या या टोकाला
धक्क्याच्या फळ्या अजून पहाटे पांढऱ्या होतात.
दोरीला बांधलेला थर्मामीटर मी पाण्यात सोडते
आणि आकडा दारावरच्या पाटीवर खडूने लिहिते.
अठ्ठावन्न. एकोणसाठ.
साठ लिहिलं की दुकानासमोर ट्रकांची रांग.

मी विकते शिशाची वजनं, रबरी खेकडे
आणि प्लॅस्टिकची पांढरी पाल.
पांढरीच जास्त खपते,
कारण घरट्यात पडली की वरून दिसते
आणि दिसेनाशी झाली की समजायचं, तोंडात गेली.
ही युक्ती गिऱ्हाइकांना मीच शिकवलेली.
पाकिटामागे सव्वा डॉलर सुटतो.

घरटं म्हणजे खड्यांमधली परातीएवढी जागा,
नर बासने शेपटीने झाडून काढलेली.
मादी येते, अंडी घालते, जाते.
तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.
तो थांबतो.
दोन आठवडे, कधी तीन, जवळजवळ उपाशी,
मोहरीएवढ्या अंड्यांवर पंखांनी वारा घालत.
डोळ्यांत तेल घालून राखण म्हणावं
तर त्याला पापण्याच नाहीत,
मिटायचे म्हटले तरी मिटणार कसे?

मग वरून पाल येते.
भुकेने नाही घेत तो ती तोंडात.
उचलून बाहेर टाकायला घेतो,
पाळण्यातली मुंगी आपण चिमटीत धरावी तशी.
त्या चिमटीतच आमचा गळ.

हार्लन टर्पस्ट्रा एकतीस वर्षं येतोय.
माझा नवरा हॉस्पिटलात होता त्या हिवाळ्यात
न विचारता शिडी लावून छतावरचा बर्फ ढकलून गेला होता.
माशाला हात लावण्याआधी हात ओले करतो.
काटा हलकेच सोडवतो, वजन, फोटो, पुन्हा पाण्यात.
कायद्यात बसतं सगळं.
"परत सोडला ना, मार्लिस?"

सोडला.
गेल्या वर्षी माझ्याच धक्क्याखालचा होता तो.
नातवाला, कोल्बीला, फोटोत मासा नीट धरता येईना,
सगळे हसत होते, मीसुद्धा,
पण माझं लक्ष खाली होतं.
पहिला ब्लूगिल आला चाळीस सेकंदांत.
मग सात. मग मी मोजायचं सोडलं.
पंगत बसावी तसे बसले, घाई नव्हती कुणाला.

चार मिनिटांनी तो परत आला,
ओठाला भोक घेऊन, सरळ घरट्यावर.
एक फेरी मारली, आणखी एक,
आणि नुसत्या खड्यांवर वारा घालू लागला.
दुसऱ्या दिवशी नव्हता.

मी हार्लनला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.
म्हणाला, "तळ्यातले बास कमी झालेत का? मोजून बघ."
नाही झालेले. त्याचं खरं आहे.
हजारांतली दोन वाचतात, तेवढी पुरतात,
तळ्याला काही फरक पडत नाही.
मी तळ्याबद्दल बोलत नव्हते.

आज सकाळी दोरी सोडली तर हिसका बसला.
फळीखाली काळी पाठ, ताणलेले कल्ले.
थर्मामीटरवर धावून आला होता.
इतकी वर्षं मी हे कुठे सोडत होते,
बघितलंच नव्हतं.

वर ओढला. एकसष्ट.
पाटीवर चोपन्न लिहिलं
आणि खडूचा हात अॅप्रनला पुसला.

दहा वाजता हार्लनचा ट्रक. कोल्बी वीतभर उंच झालाय.
"पांढऱ्या पाली आहेत?"
"संपल्या," मी म्हणते. खोकं माझ्या गुडघ्याला लागतंय.
हार्लन पाटी वाचतो.
मग धक्क्याच्या टोकाला जाऊन उकिडवा बसतो,
मनगटापर्यंत हात पाण्यात घालतो,
बराच वेळ.

येताना पँटला हात पुसतो.
माझ्याकडे न बघता पोराला म्हणतो,
"गार आहे अजून."